सौर विजेची कोठी : बॅटरी कशी पारखावी?

आपल्या संघाच्या स्मरणिकेत धान्याची आवक, करांचे नियम, बाजारातील अडचणी इत्यादी विषयांवर लेख येत असतात, आणि ते यावयासच हवेत. प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनी आपल्या पेढीपासून दूरचा वाटेल. परंतु थोडा विचार केल्यास तो तसा नाही, हे ध्यानात येईल. खैरलांजी, वारासिवनी, कटंगी, लांजी या आपल्या परिसरात घरांच्या छपरांवर, शेतांच्या बांधांवर आणि दुकानांच्या गच्च्यांवर सूर्यप्रकाशापासून वीज करणारे काळेनिळे पॅनेल दिवसेंदिवस अधिक दिसू लागले आहेत. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, असे विकणारा सांगतो व ते बहुतांशी खरेही असते. पण त्याच्यासोबत घेतलेली बॅटरी दोन-तीन वर्षांतच निकामी झाली, अशी तक्रार मात्र जिकडेतिकडे ऐकू येते. बॅटरी विकत घेणारे आपणच आहोत. आणि विकणारेही आपल्यांपैकी काही आहेत. यास्तव हा विषय दोन्ही बाजूंनी आपल्या अब्रूचा आहे.

मी शास्त्रज्ञ नव्हे. धान्याचा ठोक व्यापारी आहे. तथापि बॅटरीची माहिती जाणकारांकडून समजून घेतल्यावर व पुस्तकांतून वाचल्यावर एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. धान घेताना आपण जी सावधगिरी बाळगतो, तीच बॅटरी घेताना बाळगली तर फसगत होण्याचे फारसे कारण उरत नाही. पोत्यावरचे अक्षर पाहून कोणी धान घेत नाही. परखी घालून नमुना काढतो, ओलावा पाहतो, काट्यावर चढवतो आणि मग भाव बोलतो. बॅटरी मात्र आपण वरचे अक्षर पाहून घेतो. हाच काय तो दोष.

बॅटरी कोणास हवी?

प्रथम, बॅटरी आपणांस हवी की नको, हेच ठरवावयास हवे. सौर संच दोन प्रकारचे असतात. एक विजेच्या तारांना जोडलेला व दुसरा स्वतंत्र. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत छपरावर जे संच बसतात ते पहिल्या प्रकारचे होत. त्यांनी बिल कमी होते; परंतु बाहेरची वीज गेली की असा साधा संच आपोआप बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या माणसास धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते. पुष्कळांना हे ठाऊक नसते, आणि भर उन्हात घरातील पंखा थांबला की ते संचास दोष देतात. वीज गेल्यावरही दिवा हवा असेल, अथवा जेथे तारा पोचलेल्याच नाहीत तेथे वीज हवी असेल, तरच बॅटरीची गरज लागते.

तसेच शेतातील सौर पंपास सामान्यतः बॅटरी लागत नाही. ऊन असताना पाणी उपसून टाक्यात भरून ठेवले की ते टाकेच बॅटरीचे काम करते. अशा ठिकाणी कोणी बॅटरी गळ्यात बांधू पाहत असेल तर त्यास नम्रपणे नकार द्यावा.

कोठीत काय असते?

बॅटरी म्हणजे विजेची कोठी. फ्रान्समधील गास्तों प्लान्ते याने १८५९ साली शिशाच्या पट्ट्या गंधकाच्या आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येईल असा पहिला विद्युत्-घट बनविला. आज आपल्या घरी जी शिसे-आम्लाची बॅटरी असते ती त्याच कुळातील होय. तिच्या एकेका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो व असे सहा घट मिळून १२ व्होल्टची बॅटरी होते.

तिच्यातही जाती आहेत. मोटारीच्या बॅटरीतील पट्ट्या पातळ व पुष्कळ असतात. क्षणभर मोठा प्रवाह देऊन इंजिन चालू करणे, एवढेच तिचे काम. तिला रोज रात्री अर्धी रिकामी करू लागल्यास ती थोड्याच महिन्यांत थकते. याउलट 'ट्यूब्युलर' म्हणून जी बॅटरी मिळते तिच्यात धन बाजूचा शिशाचा लगदा नळ्यांत कोंडलेला असतो. तो गळून तळाशी बसत नाही व म्हणून ती रोजचा उपसा सोसते. सौर संचास शिशाचीच बॅटरी घ्यावयाची तर ती ट्यूब्युलरच घ्यावी.

दुसरे कूळ लिथियमचे. त्यातही लोह-फॉस्फेटचा प्रकार घरगुती साठवणीस अधिक योग्य समजला जातो, कारण तो इतर लिथियम प्रकारांच्या मानाने उष्णतेने सहजासहजी पेट घेत नाही. हा पदार्थ बॅटरीस उपयुक्त आहे, असे अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. लिथियम बॅटरीच्या एकूण संशोधनाबद्दल गुडइनफ यांस २०१९ साली दोघा शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी वजनाने हलकी असते, तिच्यात पाणी घालावे लागत नाही आणि ती जवळजवळ रिकामी केली तरी शिशाइतकी झिजत नाही. मात्र तिच्या पोटात घटांवर देखरेख करणारे एक विद्युत्-मंडळ असते. ते हलके असले, किंवा जुन्या वाहनांतून काढलेले घट नव्या पेटीत भरून विकले, तर सारा व्यवहार फसतो. शिवाय तिला भरणारा चार्ज कंट्रोलर लिथियमसाठी जुळवलेला असावा लागतो. या दोन गोष्टींची खात्री व दुरुस्ती करणारा माणूस वारासिवनी अथवा बालाघाट येथे, म्हणजे हाकेच्या अंतरावर, असेल तरच तिच्या वाटेस जावे.

ओल्या धानाचे वजन

बॅटरीवर १५० अँपिअर-तास असे लिहिलेले असते. पण हे माप कोणत्या रीतीने केले? शिशाची बॅटरी सावकाश रिकामी केली तर अधिक देते, घाईने केली तर कमी देते. वीस तासांत रिकामी करून काढलेल्या मापास 'सी २०' व दहा तासांच्या मापास 'सी १०' म्हणतात. सी २० मापाची १५० ची बॅटरी दहा तासांत उपसली तर १२० ते १३० च्या आसपासच हाती लागते. ओल्या धानाचे वजन व सुकल्यावरचे वजन यांत जो फरक तोच हा. ओले घेऊन सुक्याचा भाव देणारा व्यापारी जसा बुडतो, तसा सी २० घेऊन सी १० चे पैसे मोजणारा ग्राहक बुडतो. म्हणून दोन दुकानांचे भाव ताडून पाहताना दोन्ही मापे सी १० चीच आहेत ना, हे विचारावे. सौर उपयोगाच्या बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक संस्थेचे आय.एस. १६२७० हे मानक आहे. त्यानुसार चाचणी झाल्याचा दाखला मागण्यास संकोच करू नये.

दुसरी गोष्ट काट्याची. शिसे जड असते आणि शिसे चोरल्याशिवाय बॅटरी स्वस्त होत नाही. आम्लासह भरलेली १५० अँपिअर-तासांची चांगली ट्यूब्युलर बॅटरी साधारणतः ५० ते ६० किलो भरते. वैनगंगेच्या खोऱ्यातील एक शेतकरी आमच्या आडतीत धान घेऊन आला असता त्याच गाडीत त्याने दोन बंद पडलेल्या बॅटऱ्या आणल्या होत्या. शेतावरच्या झोपडीत तारा पोचलेल्या नाहीत. मुले रात्री तेथेच अभ्यासाला बसतात म्हणून त्याने धानाच्या पैशांतून त्या घेतल्या होत्या. वर्ष पुरते झाले नव्हते. "शेटजी, तुमचा काटा खोटा बोलत नाही, तर यांनाही एकदा चढवा," असे तो म्हणाला. छापील पत्रकात वजन ५४ किलो होते. काट्यावर एक ३९ व दुसरी ४० भरली. आम्ल तर पातळीपर्यंत होते, म्हणजे जे कमी होते ते शिसेच होते. त्याच्या हमीपत्रावर विक्रीची तारीखही घातलेली नव्हती. पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही. एवढ्या साध्या परीक्षेसाठी शास्त्र शिकावे लागत नाही. काटा प्रत्येक व्यापाऱ्याच्या दारात आहे.

तिसरी परीक्षा हायड्रोमीटरची. पूर्ण भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीच्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२४ असते, नेमका आकडा पत्रकात असतो. सहाही घटांत तो जवळजवळ सारखा यावयास हवा. एखादा घट मागे असेल तर ती बॅटरी घेऊ नये. बांधणीची तारीखही पाहावी. मांडणीवर महिनोन्महिने पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते व तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो.

चौथी परीक्षा उपशाची. ती घरी आणल्यावर पहिल्या महिन्यातच करावी. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीस पूर्ण भरून १५ अँपिअरचा, म्हणजे सुमारे १८० वॉटचा, भार जोडावा व दाब १०.८ व्होल्टवर येईपर्यंत किती तास गेले ते लिहून ठेवावे. माप सी १० चे व खरे असेल तर दहा तासांच्या आसपास जातील. नव्या बॅटरीस पहिल्या काही फेऱ्यांत थोडे कमी भरणे क्षम्य आहे. पण सहा तासांतच उतरली तर हमीपत्र घेऊन ताबडतोब दुकान गाठावे. परीक्षा होताच बॅटरी लगेच पूर्ण भरावी.

हमीपत्राविषयीही एक शब्द. त्यावर '३६ अधिक २४ महिने' असे लिहिलेले असते. पहिल्या ३६ महिन्यांत बदलून मिळते. पुढच्या २४ महिन्यांत बहुधा नव्या बॅटरीच्या किमतीत काही सूट तेवढी मिळते. पाच वर्षांची हमी समजून किंमत मोजू नये.

परिमाण

किती मोठी बॅटरी घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर आपल्या धर्मातच आहे. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रहाचे परिमाण करण्यास सांगितले आहे, म्हणजे गरज मोजावी व तेवढेच ठेवावे. विजेच्या बाबतीत हे व्रत खिशासही हितकारक ठरते.

एका लहान दुकानाचा हिशेब पाहू. ९ वॉटचे चार दिवे पाच तास, म्हणजे १८० वॉट-तास. कमी वीज खाणारे ३० वॉटचे दोन पंखे आठ तास, म्हणजे ४८०. इलेक्ट्रॉनिक काटा १० वॉट आठ तास, म्हणजे ८०. इंटरनेटचे यंत्र १० वॉट दहा तास, म्हणजे १००. मोबाइल इत्यादी ४०. एकूण ८८०. इन्व्हर्टरमध्ये काही वीज वाया जाते, ती धरून सुमारे १,०३५. दोन ढगाळ दिवसांची बेगमी हवी असेल तर २,०७०.

शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी न करणे हितावह असते. तेव्हा तिची एकूण साठवण ४,१४० वॉट-तास, म्हणजेच २४ व्होल्टच्या संचात सुमारे १७५ अँपिअर-तास हवी. लिथियम लोह-फॉस्फेटची ८० टक्के वापरता येते, म्हणून २,६०० वॉट-तासांची पुरे. आता पंखे जुन्या पद्धतीचे, ७५ वॉटचे, ठेवले असते तर केवळ पंख्यांचाच आकडा ४८० ऐवजी १,२०० झाला असता आणि बॅटरी जवळजवळ दुप्पट घ्यावी लागली असती. आधी पंखा बदलावा, मग बॅटरी मोजावी.

पॅनेलही बॅटरीस साजेसे हवे. आवक थोडी व कोठी मोठी असली की कोठी कधी भरत नाही. शिशाची बॅटरी सतत अर्धवट भरलेली राहिली तर पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि ती अकाली मरते. आपल्याकडे चातुर्मासाचे दिवस म्हणजे धो धो पावसाचे. त्या काळात ऊन निम्म्यावर येते. म्हणून वरील दुकानास उन्हाळ्याच्या हिशेबाने नव्हे, तर श्रावणाच्या हिशेबाने पॅनेल घ्यावे. ते साधारण ५०० ते ६०० वॉटचे येईल.

खरा भाव

बॅटरीची किंमत पावतीवर असते, भाव मात्र तिच्यातून निघालेल्या प्रत्येक युनिटावर असतो. उदाहरणादाखल काही आकडे घेऊ; भाव गावोगावी व दरसाल बदलतात, म्हणून हिशेबाची रीत तेवढी ध्यानात घ्यावी. मोटारीची बॅटरी ९,००० रुपयांस मिळाली, रोज ०.६ युनिट दिले व ३०० फेऱ्यांत संपली, तर १८० युनिट मिळाले. युनिटाचा भाव ५० रुपये. ट्यूब्युलर १६,००० रुपयांची, रोज ०.९ युनिट, १,५०० फेऱ्या, म्हणजे १,३५० युनिट. भाव सुमारे १२ रुपये. लिथियम २५,००० रुपयांची, रोज १ युनिट, ३,००० फेऱ्या. भाव ८ रुपयांच्या थोडा वर. जी सर्वांत स्वस्त दिसली तीच सर्वांत महाग निघाली. अर्थात ट्यूब्युलरचे शिसे शेवटी मोडीत विकले जाते, ती रक्कम तिच्या बाजूस जमा धरावी. ज्याच्या हाती आज थोडेच पैसे आहेत त्याने मोटारीची बॅटरी न घेता दिवे-पंखे कमी करून लहानशी ट्यूब्युलर घ्यावी.

कोठी कोठे ठेवावी?

उष्णता हा बॅटरीचा शत्रू होय. शिशाच्या बॅटरीचे तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. टिनाच्या छपराखालील माळ्यावर तिला ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य स्वहस्ते कमी करणे होय. तळमजल्यावरील, उत्तरेच्या बाजूची, हवेशीर जागा उत्तम.

धान्याच्या गोदामात मात्र ती मुळीच ठेवू नये. भरताना शिशाच्या बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो, आणि बारदाना व भुसा तेथे असतोच. आणखी एक कारण आपल्या धंद्यापुरते आहे. किडीसाठी आपण ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतो. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू तांब्यास खातो. इन्व्हर्टर, कंट्रोलर व लिथियम बॅटरीतील विद्युत्-मंडळ त्याने काही काळात निकामी होऊ शकते. यास्तव हे सारे साहित्य धुरी दिल्या जाणाऱ्या जागेच्या बाहेरच असावे.

शिशाच्या बॅटरीत पाणी घालावयाचे ते ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड, पाणीच. विहिरीचे नव्हे आणि वरून आम्ल तर कदापि नव्हे. जुनी व नवी बॅटरी एका संचात जोडू नये. थकलेला बैल जोडीच्या तरण्या बैलासही थकवतो.

दोन गावांची गोष्ट

एवढे करूनही बॅटरी अमर होत नाही. बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यातील धरनई या गावी २०१४ साली १०० किलोवॉटचा सौर प्रकल्प मोठ्या गाजावाजाने सुरू झाला. तीनेक वर्षांत बॅटऱ्या थकल्या व त्या बदलल्या गेल्या नाहीत. पुढे २०२१ साली त्या जागेचा उपयोग गुरे बांधण्यासाठी होत असल्याची वार्ता प्रसिद्ध झाली. याउलट पुणे जिल्ह्यातील दरेवाडी या डोंगरातील वस्तीत २०१२ साली 'ग्राम ऊर्जा' या संस्थेने सुमारे ४० घरांसाठी लहानसा संच बसविला, तेव्हा प्रारंभापासूनच घरोघरी मीटर लावून वीजदर ठरविण्यात आला. गावकऱ्यांच्या विश्वस्त मंडळाने तो गोळा करावा आणि त्यातून देखभालीची व पुढील बॅटरीची तरतूद व्हावी, अशी ती योजना होती. पॅनेल दोन्हीकडे होते. फरक वहीतील एका खात्याचा होता. ज्यास आपण घसारा म्हणतो ते खाते आपणही बॅटरी आणल्या दिवशीच उघडावे. १६,००० ची बॅटरी पाच वर्षे टिकणार असेल तर दरमहा सुमारे २७० रुपये बाजूस टाकणे कोणास जड नाही.

विकणाऱ्याचे कर्तव्य

आता आपल्यांतील विक्रेत्या बंधूंस विनंती. कमी-अधिक मापे ठेवणे आणि अस्सल मालात नकली माल चालविणे, या दोहोंची गणना तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांत केलेली आहे. हलक्या शिशाची बॅटरी भारी म्हणून देणे हे त्यातच मोडते. सी १० चे माप पावतीवर लिहून द्यावे, ग्राहकासमोर बॅटरी काट्यावर चढवावी, हमीपत्रावर तारीख व शिक्का घालावा. त्याने दुकानाची विक्री घटणार नाही, उलट वाढेल.

जुन्या बॅटरीबाबतही तसेच. शिसे हे विष आहे आणि लहान मुलांच्या मेंदूस त्याची बाधा लवकर होते. बॅटरी फोडून आम्ल नाल्यात ओतणारा व शिसे उघड्यावर वितळविणारा माणूस स्वतःच्या घरासही घात करीत असतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची योग्य वासलात लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा दोन पैसे अधिक देणाऱ्या फेरीवाल्यापेक्षा अधिकृत दुकानात ती परत करणे, हे अहिंसेचेच काम आहे.

असो. सूर्य कोणाकडून दाम घेत नाही; दाम कोठीचा असतो. तो देताना आपला काटा, आपली वही व आपला विवेक या तिन्ही गोष्टी जवळ ठेवाव्यात, एवढीच सर्व सभासद बंधु-भगिनींस विनंती करून हा लेख पुरा करतो.